फियाट ११०० (इंजिनाची आकडेवारी)

फियाट ११०० ही फियाट या इटालियन कंपनीची मोटार असून तिची भारतीय आवृत्ती मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी तयार करीत असे. 'फियाट ११०० डिलाइट', 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावांनी ती ओळखली गेली. या मोटारीच्या इंजिनाची घनक्षमता कोठे १०८९, तर कोठे १२२१ घन सेंटिमीटर (सीसी) दिलेली आढळते. अश्वशक्तीचे आकडेही भिन्न दिसतात. यातील बहुतेक आकडे चुकीचे नसून ते वेगवेगळ्या इंजिनांचे किंवा वेगवेगळ्या मोजणीपद्धतींचे आहेत.

पार्श्वभूमी

१०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे हे इंजिन १९३७ मध्ये फियाट ५०८ सी या मोटारीत प्रथम आले. १९५३ मधील ११००-१०३ या मालिकेतही तीच घनक्षमता कायम राहिली. सर्वसाधारण मोटारीत हे इंजिन ३६ अश्वशक्ती देई, तर 'तुरिझ्मो व्हेलोचे' या वेगवान आवृत्तीत सुमारे ५०. युद्धोत्तर काळातील प्रसिद्ध क्रीडामोटार चिझितालिया २०२ हिचे इंजिनही याच १०८९ सीसीच्या इंजिनावर आधारलेले होते व त्याची शक्ती सुमारे ५५ अश्वशक्ती होती. कार्ब्युरेटर, संपीडन गुणोत्तर आणि झडपांच्या उघडझापीची वेळ बदलली, की त्याच घनक्षमतेतून निराळी शक्ती मिळते.

घनक्षमतेतील तफावत

'११००' हे मोटारीचे नाव आहे, मोजमाप नव्हे. १९६२ मध्ये इटलीत आलेल्या ११०० डी या मोटारीत १२२१ सीसीचे इंजिन होते, तरी नाव ११०० हेच राहिले. १९६६ च्या ११०० आर मध्ये पुन्हा १०८९ सीसीचे इंजिन बसविण्यात आले. भारतीय डिलाइट व पद्मिनी यांची बाह्य रचना ११०० डी सारखी असली, तरी त्यांचे पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचेच होते. इटालियन ११०० डी ची माहिती पद्मिनीला लागू केल्यास १३२ सीसीची चूक होते.

ही शंका गणिताने दूर करता येते. सिलिंडरच्या अंतर्गत व्यासाला 'बोअर' आणि दट्ट्याच्या एका धावेच्या लांबीला 'स्ट्रोक' म्हणतात. दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर आहे. बोअर ६८ मिलिमीटर असल्यास चार सिलिंडरांची घनक्षमता सुमारे १०८९ सीसी, तर ७२ मिलिमीटर असल्यास सुमारे १२२१ सीसी येते. झिजलेले सिलिंडर घासून बोअर ०.४ मिलिमीटरने वाढविल्यास पहिल्या इंजिनाची घनक्षमता सुमारे ११०२ सीसी होते. म्हणून दुरुस्त इंजिनाचे प्रत्यक्ष माप मूळ आकड्यापेक्षा किंचित अधिक भरू शकते.

अश्वशक्तीतील तफावत

पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनाची शक्ती सामान्यतः ४० ब्रेक अश्वशक्ती दिली जाते. ब्रिटिश अश्वशक्ती ७४५.७ वॅट, तर मेट्रिक अश्वशक्ती ७३५.५ वॅट असते. त्यामुळे तीच शक्ती मेट्रिक एककात सुमारे ४०.६ होते. याहून मोठा फरक चाचणीच्या पद्धतीमुळे पडतो. अमेरिकन एसएई संस्थेच्या जुन्या 'ग्रॉस' पद्धतीत शक्ती खर्च करणारी अनेक साहाय्यक उपकरणे काढून इंजिन तपासले जाई. जर्मन डीआयएन पद्धतीत इंजिन मोटारीत असते त्या स्थितीत, उपकरणांसह तपासले जाते. साहजिकच पहिला आकडा मोठा येतो. एकक व पद्धत नमूद नसलेले दोन आकडे परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत.

महत्त्व

मोटारीची घनक्षमता, इंजिन क्रमांक व चॅसिस क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले असतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पुरातन वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल न केलेली वाहने त्यासाठी पात्र ठरतात. अशा वाहनांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. डिलाइटमध्ये नंतर बसविलेले १२२१ सीसीचे इंजिन आकडा फियाटचाच असल्याने मूळचे वाटू शकते. ते भारतीय डिलाइटचे मूळ इंजिन नव्हे. सुटे भाग घेतानाही हाच भेद महत्त्वाचा ठरतो, कारण ७२ मिलिमीटरचा दट्ट्या ६८ मिलिमीटरच्या सिलिंडरात बसत नाही.