अल्सरचा आरोपी कोण? कॉर्टिसोन, वेदनाशामके आणि चार दशकांचा वाद

२१ सप्टेंबर १९४८. अमेरिकेतील रोचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये, संधिवाताने हालचाल जवळपास थांबलेल्या २९ वर्षांच्या एका स्त्रीला डॉ. फिलिप हेंच यांनी एका नव्या द्रव्याचे इंजेक्शन सुरू केले. एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथींतून वेगळ्या केलेल्या या द्रव्याचे तेव्हाचे नाव ‘कंपाउंड ई’. काही दिवसांतच ती स्त्री चालू लागली, बाजारहाटही करून आली. १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हेच कॉर्टिसोन, आजच्या प्रेडनिसोलोनचे पूर्वज. (शरीर कमावण्यासाठी घेतली जाणारी स्टेरॉइडे निराळी.)

चमत्काराची नवलाई ओसरण्याआधीच तक्रारी येऊ लागल्या. चेहरा सुजे, हाडे ठिसूळ होत. काही रुग्णांच्या जठरात व्रण पडून रक्तस्राव होई. ‘स्टेरॉइड अल्सर’ हा शब्द वैद्यकात रुळला.

पण कॉर्टिसोन घेणारे हे रुग्ण होते कोण? त्यांतील पुष्कळ जण संधिवाताचे, म्हणजे वर्षानुवर्षे ॲस्पिरिन खात आलेले. ॲस्पिरिन जठराच्या अस्तराला इजा करते, हे लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डाउथवेट आणि लिंटॉट यांनी जठरात दुर्बीण घालून १९३८ सालीच पाहिले होते. तरीही १९५० च्या दशकात स्टेरॉइड आणि ॲस्पिरिन एकाच गोळीत घालून विकले गेले. त्या काळच्या समजुतीप्रमाणे हा शहाणपणाच होता: दोन औषधांची मात्रा थोडी थोडी, म्हणून त्रासही थोडा!

पुढे वाद पेटला तो मात्र एकट्या स्टेरॉइडवर. १९७६ साली कॉन आणि ब्लिट्झर यांनी ४२ अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढला की स्टेरॉइड आणि अल्सर यांचा सर्वसाधारणपणे संबंध दिसत नाही. १९८३ साली मेसर आणि सहकाऱ्यांनी ७१ चाचण्या तपासल्या आणि नेमके उलटे सांगितले: स्टेरॉइड घेणाऱ्यांत अल्सरचे प्रमाण १.८ टक्के, न घेणाऱ्यांत ०.८ टक्के. दोन्ही शोधनिबंध एकाच नामांकित नियतकालिकात आले. वाचणाऱ्या डॉक्टरांनी विश्वास कोणावर ठेवावा?

दरम्यान १९७१ साली ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनचे गुपित उलगडले. ते शरीरातील प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते. वेदना आणि सूज वाढवणारी हीच द्रव्ये जठराच्या अस्तरावरील श्लेष्माचा थर आणि तेथील रक्तपुरवठाही राखतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही औषधेही याच वाटेने काम करतात. वेदना शमते ती जठराचे कवच पातळ करून.

उत्तर मिळाले १९९१ साली, टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथून. पायपर, रे, डॉर्टी आणि ग्रिफिन यांनी सरकारी आरोग्ययोजनेच्या नोंदींतून अल्सर वा रक्तस्रावामुळे रुग्णालयात दाखल झालेले ६५ वर्षांवरील १,४१५ रुग्ण शोधले आणि स्टेरॉइडबरोबर आणखी काय चालू होते, हा साधा प्रश्न विचारला. वेदनाशामके न घेता फक्त स्टेरॉइड घेणाऱ्यांत धोका १.१ पट, म्हणजे जवळपास वाढलेलाच नाही. केवळ वेदनाशामके घेणाऱ्यांत, याच गटाच्या जोडअभ्यासानुसार, सुमारे ४ पट. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत, काहीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत, १४.६ पट.

ही बेरीज नव्हे. वेदनाशामक अस्तराला जखम करते. स्टेरॉइड ती भरून येऊ देत नाही. शिवाय स्टेरॉइड दाहाची लक्षणेच दाबून टाकते. जठराला भोक पडले तरी पोट फारसे दुखत नाही, आणि रुग्ण उशिरा, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यावर रुग्णालयात पोहोचतो. वयस्करांत आणि पूर्वी अल्सर झालेल्यांत हे अधिक घातक ठरते.

भारतात पोटात घ्यायच्या स्टेरॉइडची इतर औषधांशी ठरावीक मात्रेत एकत्र गोळी करण्यावर पुढे बंदी आली. दोन स्वतंत्र गोळ्या एकाच वेळी घेण्यावर मात्र कायद्याची बंदी नाही. नाइलाजाने तशी वेळ आलीच, तर डॉक्टर सोबत आम्ल कमी करणारे औषध लिहून देतात; गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीची त्यांना बहुधा कल्पनाच नसते.