मदरबोर्ड बदलला, विंडोज तेच: एका जुन्या हट्टाचा इतिहास

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून. बोलताना जिथे अडखळलो, तिथे थोडं सावरून घेतलंय.

सुरुवात एका दुकानापासून करू. मी सहावीत असेन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका काकांचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळेचे प्रोजेक्ट, सगळं एकाच पीसीवर. विंडोज एक्सपी. ऐन लग्नसराईत मदरबोर्ड गेला. रिपेअरवाल्या दादाने नवा बोर्ड टाकला, जुनी हार्डडिस्क जोडली, पीसी चालू केला. विंडोजचा लोगो आला आणि लगेच निळी स्क्रीन. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. दादा म्हणाला, "काका, फॉरमॅट मारावा लागेल." मारला. काकांचे मराठी फॉण्ट गेले, डेस्कटॉपवरच्या अर्धवट पत्रिका गेल्या.

मला खटकलं ते एवढंच की हार्डडिस्क तर ठणठणीत होती. मग विंडोज का चालेना?

याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं. १९६० च्या सुमारास मोठा कॉम्प्युटर घेणं म्हणजे नवा संसार मांडणं. आयबीएमच्याच एका मालिकेतलं मशीन सोडून दुसऱ्या मालिकेतलं घेतलं, तर जुने प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागायचे. मशीनपेक्षा हे काम जड. मग ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टीम/३६० जाहीर केली. लहान-मोठी सहा मॉडेल्स, पण सगळ्यांना एकाच सूचना समजणार. जीन ॲमडाल, फ्रेड ब्रूक्स, गेरिट ब्लाऊ या मंडळींनी सांगितलं ते असं: आतली यंत्रणा आम्ही बदलू, तुमच्या प्रोग्रॅमला ते कळणारही नाही. शिवाय जुन्या १४०१ मशीनचे प्रोग्रॅम चालवायचीही सोय दिली, कारण त्याशिवाय गिऱ्हाईक हललंच नसतं. त्या काळात लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम आजच्या आयबीएम मेनफ्रेमवरही चालू शकतात. मशीन जातं, काम राहतं. आपला विषय इथूनच सुरू होतो.

आता घरातल्या पीसीकडे या. गंमत म्हणजे डॉसच्या काळात हा त्रास जवळजवळ नव्हताच. डॉस डिस्कशी थेट बोलायचं नाही, ते बोर्डवरच्या बायोसला सांगायचं, "बाबा, हा एवढा भाग वाचून दे." बोर्ड बदलला तरी प्रत्येक बायोसला ही विनंती समजायची. डिस्क उचला, दुसऱ्या पीसीत लावा, बहुतेक वेळा चालू.

पण बायोसच्या भरवशावर राहणं हळू होतं आणि मोठ्या सिस्टीमला पुरणारं नव्हतं. १९९३ मध्ये डेव्ह कटलर यांच्या टीमचं विंडोज एनटी आलं. त्याने हार्डवेअरची सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. बोर्डाबोर्डातले फरक झाकायला त्यात एचएएल नावाचा एक थर होता. मात्र कुठला एचएएल वापरायचा, हे इन्स्टॉल करताना एकदाच ठरायचं. २००१ मध्ये एक्सपी आलं आणि एनटीचं हे घराणं घरोघरी पोचलं.

काकांचा पीसी अडला तो इथेच. विंडोज सुरू होताना डिस्क वाचायला डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर लागतो. जुन्या बोर्डाचा ड्रायव्हर सुरुवातीलाच चालू होणाऱ्यांच्या यादीत होता, नव्या बोर्डाचा नव्हता. तो मिळवायचा तर डिस्क वाचायला हवी, आणि डिस्क वाचायची तर तो हवा. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट लावलं, तसं. त्या निळ्या स्क्रीनवर शेवटी ७बी असलेला कोड यायचा, नाव 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. अर्थ इतकाच की डिस्क सापडत नाही. डेटा गेला, असा नाही.

आता वाईट वाटणारी गोष्ट. एक्सपीच्या सीडीत 'रिपेअर इन्स्टॉल'ची सोय होती. फायली आणि प्रोग्रॅम जागेवर ठेवून विंडोज नव्या बोर्डाची ओळख करून घ्यायचं. हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं.

पुढे ही भिंत हळूहळू खचली. लिनक्समध्ये क्लाउस नॉपर यांच्या नॉपिक्सने २००० पासून दाखवून दिलं की सीडीवरून चालणारी सिस्टीम दर वेळी समोरचं हार्डवेअर नव्याने ओळखू शकते. एएचसीआयसारखं मानक आलं आणि बोर्ड कुणाचाही असला तरी विंडोजसोबत आलेल्या ड्रायव्हरवर भागू लागलं. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये तर मोठ्या कंपन्यांसाठी 'विंडोज टू गो' होतं: पेनड्राइव्हवर अख्खं विंडोज, लावाल त्या पीसीवर चालणारं. आज विंडोज १० किंवा ११ ची डिस्क नव्या बोर्डावर लावली, तर थोडा वेळ 'गेटिंग डिव्हाइसेस रेडी' दिसतं आणि बहुतेकदा डेस्कटॉप उघडतो.

म्हणजे प्रश्न मिटला? नाही. तांत्रिक भिंत पडत असतानाच दुसरी उभी राहत होती, परवानगीची. एक्सपीपासून ॲक्टिव्हेशन आलं. विंडोज नेटवर्क कार्ड, प्रोसेसर, रॅम, डिस्क अशा भागांची नोंद ठेवायचं, आणि जास्त बदल दिसले की विचारायचं, "हा पीसी तोच का?" पीसीसोबत आलेला ओईएम परवाना तर साधारणपणे मदरबोर्डशीच बांधलेला. २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून विंडोज १० चा परवाना मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडता येतो आणि 'मी हार्डवेअर बदललंय' असं सांगायची सोय आहे. पण परवाना हलवता येण्यासारखा असेल, तरच.

आणि २०२१ च्या विंडोज ११ ने टीपीएम २.० ची अट घालून गोष्ट उलटी केली. पीसी धडधाकट, पण नवी सिस्टीमच म्हणते, तू नकोस. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हा अनेक घरांत हाच पेच होता.

म्हणून बोर्ड बदलायच्या आधी तीन कामं करा. बॅकअप घ्या. परवाना अकाउंटला जोडा. आणि बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद असते, आणि त्याची किल्ली बोर्डाशी जोडलेल्या टीपीएममध्ये. बोर्ड गेला की स्क्रीन ती की मागणार. ती नसेल, तर डिस्क ठणठणीत असूनही डेटा गेलाच. काकांच्या डिस्कवरचा वाचवता आला असता, हा कुणालाच वाचवता येणार नाही.

काकांनी त्या मोसमातल्या पत्रिका रात्री जागून पुन्हा टाईप केल्या. कुणी "फॉरमॅट मारू का?" म्हणालं, की मला अजून त्या रात्री आठवतात. तुम्ही आधी एवढंच विचारा: "दादा, डिस्क खराब आहे, की फक्त ओळख पटत नाहीये?"

भेटू पुढच्या भागात. तोवर बॅकअप घ्या, खरंच घ्या!