अर्थवृत्ताचा स्तंभ आणि भांडवलबाजार : सुचेता दलाल यांच्या कार्याचा ऐतिहासिक विचार

वृत्तपत्रातील स्तंभलेखन हे इतिहासाचे साधन म्हणून बहुधा दुय्यम मानले जाते. परंतु मुंबईच्या आर्थिक इतिहासात या साधनाची परंपरा जुनी आहे. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून प्रसिद्ध झालेल्या लोकहितवादींच्या पत्रांत व्यापार व देशाचे दारिद्र्य या विषयांची चर्चा आढळते. तेथे लेखकाचा हेतू लोकशिक्षणाचा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस शेअरबाजारात मध्यमवर्गाचा पैसा उतरला, तेव्हा अर्थविषयक स्तंभलेखकाकडे लोकशिक्षणाबरोबर पहारेकऱ्याचेही काम आले. हा बदल सुचेता दलाल यांच्या कारकिर्दीत विशेष स्पष्टपणे दिसून येतो.

दलाल यांचे शालेय शिक्षण बेळगावात झाले. धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात संख्याशास्त्राचा व पुढे मुंबई विद्यापीठात कायद्याचा त्यांनी अभ्यास केला. १९८४ च्या सुमारास गुंतवणूकविषयक नियतकालिकातून त्यांनी पत्रव्यवसायात प्रवेश केला आणि इतर अर्थविषयक दैनिकांत काम केल्यानंतर त्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आल्या. आकडा आणि कायदा या दोहोंचे हे शिक्षण त्यांच्या लेखनपद्धतीच्या मुळाशी आहे.

२३ एप्रिल १९९२ रोजी स्टेट बँकेच्या रोखेव्यवहारातील सुमारे ५०० कोटी रुपयांच्या तफावतीची बातमी त्यांनी दिली. तिचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची बँकव्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. बँकांना आपल्या ठेवींचा मोठा हिस्सा, एका टप्प्यावर ३८.५ टक्क्यांपर्यंत, प्रामुख्याने सरकारी रोख्यांत गुंतवावा लागे. तात्पुरती तूट भरून काढण्यासाठी एक बँक दुसरीकडून काही दिवसांकरिता रोखे घेई व ठरल्या दिवशी परत करी. प्रत्यक्ष रोख्यांऐवजी पुष्कळदा केवळ बँकेची पावती दिली जाई, आणि रिझर्व्ह बँकेतील रोख्यांच्या नोंदी हातांनी ठेवल्या जात. या फटीतून धनादेशाची रक्कम मध्यस्थ दलालाच्या खात्यात व तेथून शेअरबाजारात गेली. बँक ऑफ कराडसारख्या लहान बँकेने तर हाती रोखे नसतानाही पावत्या दिल्या होत्या. हर्षद मेहता प्रकरण या नावाने प्रसिद्ध झालेला हा घोटाळा म्हणूनच केवळ एका दलालाच्या साहसाचा वृत्तान्त ठरत नाही. तो मुख्यतः नियम व व्यवहार यांच्यातील अंतराचा वृत्तान्त होय. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने संशयास्पद व्यवहारांची रक्कम ४,०२४ कोटी रुपयांच्या घरात दाखविली. देबाशिस बसू यांच्यासह दलाल यांनी लिहिलेला या प्रकरणावरील ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९९८ मध्ये त्या ‘इंडियन एक्सप्रेस’ समूहात सल्लागार संपादक म्हणून गेल्या व २००८ पर्यंत तेथे राहिल्या. बातमीकडून स्तंभाकडे झालेले हे स्थित्यंतर महत्त्वाचे आहे. बातमी घटनेपाशी थांबते. स्तंभ मात्र एका प्रकरणाची दुसऱ्याशी तुलना करू शकतो. २००१ च्या केतन पारेख प्रकरणात बँकेचा पैसा पुन्हा बाजारात शिरलेला दिसला, तेव्हा १९९२ चा धडा कितपत पचला हा प्रश्न सातत्याने विचारणे स्तंभामुळे शक्य झाले. २००६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी ‘मनीलाइफ’ नियतकालिक व २०१० मध्ये गुंतवणूकदारांच्या शिक्षणासाठी त्याच नावाचे प्रतिष्ठान सुरू झाले.

या कारकिर्दीचा उत्तरार्ध मुंबईच्या उपनगरांशी निगडित आहे. वाकोल्याच्या दक्षिणेस, वाकोला नाला व मिठी नदी यांच्या परिसरातील दलदलीची जमीन भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आणि कोटातील अर्थव्यवहाराचा मोठा भाग तेथे सरकला. सेबी व राष्ट्रीय शेअरबाजार यांची मुख्यालये तेथेच आहेत. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय शेअरबाजाराने संगणकाच्या पडद्यावरील व्यवहार आणले. बाजाराच्या रिंगणात उभ्या असलेल्या मूठभरांचा लाभ त्यामुळे संपेल, अशी अपेक्षा होती. परंतु काही दलालांची यंत्रे बाजाराच्याच यंत्रागारात ठेवण्याची सोय झाल्यावर तोच प्रश्न क्षणांशाच्या मापाने पुन्हा उभा राहिला. जून २०१५ मध्ये ‘मनीलाइफ’ने याविषयीचे निनावी पत्र प्रसिद्ध केले. बाजाराने १०० कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र सप्टेंबर २०१५ मध्ये अंतरिम मनाई नाकारून बाजारावरच ५० लाखांचा खर्च बसविला.

या प्रकरणाचा शेवट एकतर्फी नाही. सेबीने २०१९ मध्ये ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश दिला. २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो रद्द करून, दक्षतेतील उणिवेबद्दल १०० कोटी भरण्यास सांगितले. आणि संगनमताचा पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष सेबीने २०२४ मध्ये काढला. यावरून स्तंभलेखकाच्या अधिकाराची मर्यादा ध्यानी येते. दोषनिश्चिती हे त्याचे काम नव्हे. ज्यांना उत्तर देणे भाग आहे त्यांच्यापुढे प्रश्न मांडणे आणि तो विस्मृतीत जाऊ न देणे, हे त्याचे काम होय. १९९२ ची पावती आणि २०१५ चे यंत्र यांत तंत्राचे अंतर फार मोठे आहे. पण बाजारात सर्वांना सारखी माहिती सारख्या वेळी मिळते काय, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. मुंबईच्या भांडवलबाजाराचा इतिहास लिहिणाऱ्याला समित्यांच्या अहवालांबरोबर हे स्तंभही वाचावे लागतील. कारण अहवाल प्रकरण घडून गेल्यावर लिहिले जातात, आणि स्तंभ ते घडत असताना.