नाडीला आवर

आमच्या सत्तरीत पूर्वी वैद्य घरी आला की आधी रुग्णाचे मनगट धरी. शार्ङ्गधरसंहितेने नाडीच्या चालीला साप, बेडूक, हंस यांच्या उपमा दिल्या आणि थांबत थांबत चालणारी नाडी घातक मानली. नाडीची चाल अशी पूर्वापार ओळखली जाई. तिला आवर घालणारी औषधे मात्र दूरदेशी, बऱ्याच उशिरा गवसली.

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला साडेतीनशेहून अधिक वेळा नुसते थरथरतात. मधली गाठ द्वारपालासारखी त्यांतले बरेच ठोके अडवते. तरीही खालचे कप्पे अनियमित व वेगाने धडधडतात. १९०६ साली आइंथोव्हेन यांनी ही थरथर हृदयालेखात टिपली. १९०९ मध्ये लंडनच्या लुईस यांनी अनियमित नाडीशी तिचे नाते जुळवले.

विदरिंग यांनी १७८५ मध्ये प्रसिद्धीस आणलेली डिजिटॅलिस ही वनस्पती त्या वेळेपर्यंत वापरात होतीच. तिने विश्रांतीतला वेग उतरे. पण रुग्ण चढण चढू लागला की तिचा आवर सुटे. १९६४ साली जर्मनीच्या फ्लेकेनस्टाइन यांना दिसले की व्हेरापामिल हे औषध पेशीत शिरणारे कॅल्शियम रोखते. मधल्या गाठीचे कार्य कॅल्शियमवरच चालत असल्याने द्वारपाल अधिक सावध झाला, आणि श्रमातही वेग आटोक्यात राहू लागला. पुढे जपानमधून डिल्टियाझेम आले.

लय पूर्ववत करावी की केवळ वेग आवरावा, हा वाद मोठा होता. २००२ साली ४०६० रुग्णांच्या 'अफर्म' अभ्यासात लय सावरण्याच्या उपचाराने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. २०२० च्या एका अभ्यासाने मात्र, विकार नवा असताना लय सावरणे हितकर ठरते, असे दाखवले. म्हणून निर्णय रुग्णागणिक बदलतो.

आमच्या घराघरांतील वडीलधाऱ्यांसाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन ही गोळी याच कुळातली असली, तरी ती नाडीचा वेग आवरत नाही. हृदयाची पंपशक्ती क्षीण असल्यास व्हेरापामिल व डिल्टियाझेम टाळतात. बीटा-ब्लॉकर चालू असल्यास तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. वेग उतरला म्हणून गुठळीचा व पक्षाघाताचा धोका टळत नाही. त्यासाठी रक्त पातळ ठेवणारे औषध लागते का, हे स्वतंत्रपणे विचारावे. नाडी अनियमित लागली, तर वाळपईच्या सरकारी आरोग्य केंद्रात हृदयालेख काढून घ्यावा; छातीत दुखणे, धाप वा भोवळ असेल, तर क्षणाचाही विलंब नको.

वैद्याने धरलेले ते मनगट आता आपले आपणच धरून पाहावे. आवर घालणारे औषध आज आहे. पण ते उपयोगी पडायचे, तर आधी चाल बिघडल्याचे ध्यानी यावे लागते.