वृक्षछाटणीसाठी दोराची निवड

बडोदे अर्थात वडोदरा या नगरीचे नाव वटवृक्षावरून पडले, असे मानले जाते. महाराजा तिसरे सयाजीराव गायकवाड यांनी १८७९ साली उभारलेली कमाटीबाग या नगरीच्या वृक्षप्रेमाची साक्ष देते. वडाच्या फांद्या आडव्या आणि दूरवर पसरतात. खाली रस्ता, भिंत वा वीजवाहिनी असल्यास अशी फांदी तोडून सरळ टाकता येत नाही; ती दोराने तोलून हळूहळू उतरवावी लागते. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने गोवा व गुजरात या दोन्ही राज्यांत असंख्य झाडे पाडली. अशा आपत्तीनंतर घाईने हाती घेतलेला कोणताही दोर जिवावर बेतू शकतो.

दोर निवडण्यापूर्वी ओंडक्याचे वजन काढावे. ओल्या लाकडाचे वजन बहुधा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या जवळपास धरले जाते. त्या हिशेबाने ३० सेंटीमीटर व्यासाचा, २ मीटर लांबीचा ओंडका सुमारे १४० किलो भरतो. दोराचा तुटभार, म्हणजे ज्या भाराला नवा दोर तुटतो तो भार, उचलायच्या वजनाच्या दहापट असावा, हा सर्वसाधारण दंडक आहे. येथे तो किमान १,४०० किलो होतो. गाठीमुळे दोराची ताकद एक-तृतीयांशाने, प्रसंगी त्याहूनही अधिक घटते. ओंडका मोकळा पडून दोराला हिसका बसला, तर क्षणिक ताण वजनाच्या कित्येक पट वाढतो. म्हणून जाड दोरावर विसंबण्यापेक्षा लहान तुकडे कापणे श्रेयस्कर. शिवाय दोर कप्पीवरून वळून जमिनीकडे येत असेल, तर कप्पीवर आणि तिला आधार देणाऱ्या फांदीवर जवळजवळ दुप्पट भार येतो.

विणलेला पॉलिस्टरचा दोर या कामास सर्वाधिक सोयीचा. तो कमी ताणतो आणि भिजल्यावरही ताकद टिकवतो. नायलॉन हिसका चांगला सोसतो. मात्र तो अधिक ताणला गेल्याने ओंडका अपेक्षेपेक्षा खाली येतो आणि भिजल्यावर त्याची ताकद काहीशी घटते. स्वस्त पॉलिप्रॉपिलीन उन्हाने कुजते व घर्षणाच्या उष्णतेने लवकर वितळते; काथ्याचा दोर ओलाव्याने सडतो. हे दोन्ही टाळावेत.

ओंडके उतरवण्याचा दोर माणसाने चढण्यासाठी कधीही वापरू नये. प्रत्येक कामापूर्वी दोर हातातून सरकवून तपासावा. तुटलेले तंतू, वितळून चकाकणारे डाग, कडक वा पातळ झालेला भाग आढळल्यास, अथवा दोराला मोठा हिसका बसला असल्यास, तो बाद करावा. वडाच्या चिकाला चिकटलेली वाळू तंतू आतून कापते. त्यामुळे दोर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा आणि करवतीच्या तेल-पेट्रोलपासून दूर ठेवावा.