पारावरची बखर

तलमडुगूच्या भागाचा इतिहास शोधताना मी दप्तरांपेक्षा पारावरच्या गप्पांना अधिक मानतो. दप्तरे होती उर्दूत, आणि त्यांत रयतेचे मत लिहिण्याची चालच नव्हती. 'गश्ती निशाण ५३' या निजामी फर्मानाने तर सार्वजनिक सभेलाही सरकारी परवानगी सक्तीची केली होती. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते परतूरला, इथून कितीतरी दूर. खेड्यातल्या माणसाने बोलावे कुठे? पारावर! तिथे परवाना लागत नव्हता. कापसाचा भाव, पटवाऱ्याची लहर, पोरीची सोयरीक, सगळे एकाच बैठकीत. निम्मे मराठीत, निम्मे तेलुगूत, मधूनच एखादा गोंडी शब्द. (दख्खनी शिव्या तर सर्वांच्याच.)

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले, आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. हद्द आखताना आधार घेतला तो खानेसुमारीचा. तिच्या मातृभाषेच्या रकान्यात नाव एकच मावते. दोन भाषांत विचार करणारा हा पार तिथे कसा मावावा?

१९५६ चा विषय काढला की इथली म्हातारी माणसे आधी सोयऱ्यांची गावे बोटांवर मोजतात: कोणते हद्दीपलीकडे गेले, कोणते इकडे राहिले. राज्याचे नाव त्यानंतर येते.