‘जनी’ आणि ‘जनीं’

परभणी जिल्ह्यांतील गोदातीरावरचें गंगाखेड हें संत जनाबाईचें गांव. तिच्या अभंगांची जुनी छापील प्रत उघडली म्हणजे एक बारीकशी गोष्ट नजरेस येते. ‘जनी’ हें त्या बाईचें नांव. ‘जनीं’ म्हणजे लोकांमध्यें. दोहोंत भेद काय तो एका टिंबाचा.

स्पॅनिश भाषेंत असा घोटाळा अक्षराच्या आकारानें मिटतो. ‘रोसा’ हा शब्द लहान अक्षरानें आरंभला तर तो गुलाब. मोठ्या अक्षरानें आरंभला तर ती त्या नांवाची स्त्री. १७१३ सालीं स्थापन झालेल्या स्पॅनिश अकादमीनें १७४१ मध्यें लेखननियमांचें आपलें पहिलें पुस्तक काढलें. आजचा तिचा नियम असा कीं, विशेषनामास मोठें अक्षर द्यावें. वार, महिने आणि भाषांचीं नांवें मात्र लहान अक्षरानेंच लिहावीं. इंग्रजी शिकलेल्याचा हात तेथें हटकून चुकतो.

परभणीच्या भूमीवर तीन लिप्या नांदल्या: पोथीची बाळबोध, दफ्तराची मोडी, आणि १९४८ सालीं निजामी अंमल संपेपर्यंत सरकारी कचेरीची उर्दू. तिन्हींत मोठें अक्षर नाहीं. उर्दूंत कवीच्या टोपणनांवावर एक लहानशी खूण घालतात, एवढाच काय तो मान! मोडीची अडचण सर्वांत मोठी. आधीं रेघ आंखावयाची, मग तिच्याखालीं अक्षरें सलग ओढीत न्यावयाचीं. शब्द तोडणें नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, टिंबाची फारशी पर्वा नाहीं. आणि असल्या कागदावरून जमीन कोणाची, वतन कोणाचें, हें ठरावयाचें. तरीही कारभार अडला नाहीं. कारण जें काम स्पॅनिशमध्यें आकार करतो, तें येथें शब्दांनीं केलें. ‘राजश्री’ आला कीं पुढें माणूस. ‘मौजे’ आला कीं खेडें. ‘कसबे’ आला कीं पेठेचें गांव. ‘बिन’ आला कीं मागें पुत्र, पुढें पिता. जनाबाईच्या अभंगांतही ‘दासी’ किंवा ‘नामयाची’ हा शब्द पाठोपाठ येणाऱ्या जनीची वर्दी देतो.

१९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनीं न उच्चारले जाणारे अनुस्वार गाळले. शाळेंतील मुलांचे कष्ट वांचले, आणि बहुतेक शब्दांचें त्यावांचून कांहीं बिघडलेंही नाहीं. परंतु ‘जनी’ आणि ‘जनीं’ त्या दिवसापासून एकरूप झाले. नव्या छापांत वर्दी देणारा शब्द जेथें नसेल, तेथें ती स्वतः बोलते आहे कीं लोकांविषयीं बोलणें चाललें आहे, हें संदर्भावरूनच ओळखावें लागतें. जुनी प्रत जवळ असलेला वाचक तेवढ्यापुरतें टिंब पाहून घेतो.